तबला आणि पेटी शिकणारी मुलं, जानेवारीतलं स्नेहसंमेलन: आईवडिलांनी घरी नेमकं काय बघायचं?

पारोळ्याची_आई

नमस्कार मंडळी. मुलगी नऊ वर्षांची आहे, दीड वर्षापासून तबला शिकते. मुलगा बारा वर्षांचा, पेटी वाजवतो. सर आठवड्यातून दोनदा येतात. आम्हा दोघांना गाण्यातलं काही कळत नाही.

जानेवारीत शाळेचं स्नेहसंमेलन आहे, रात्री, उघड्या मैदानावर. दोघांना मिळून पाच मिनिटं दिली आहेत. ती तीनतालात सोलो वाजवेल, तो लेहरा (सोलोखाली सतत वाजणारी तालाएवढी धून) धरेल. शिवाय चौथी-पाचवीच्या मुलामुलींच्या एका समूहगीताला दोघांनीच साथ करायची आहे. अजून सहा आठवडे हातात आहेत.

तबल्याचा स्वर मधेच उतरल्यासारखा वाटतो. तो घरी लावायचा, की सर येईपर्यंत तसाच वाजू द्यायचा? रियाज किती वेळ घ्यावा? आपल्याला कळत नसताना चूक कशी पकडायची? मैदानातल्या माइकचं काय करायचं? आणि एप्रिलच्या परीक्षेला तिला बसवावं का? तबल्याचं तोंड साडेपाच इंच आहे, सर तो काळी एकमध्ये (पेटीच्या सप्तकातल्या पहिल्या काळ्या पट्टीच्या स्वरात) लावतात.

---

गजरा_हातोडी (धुळे)

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण बाकी सगळं त्याच्यावर उभं आहे. सरांची वाट बघू नका. उतरलेल्या तबल्यावर चार दिवस रियाज झाला तर "ना" हा कडेवरचा बोल गुंजत नाही, म्हणून पोरगी बोट जोरात आपटायला लागते. ती सवय सोडवायला पुढे महिने जातात. नऊ वर्षांच्या मुलीच्या हातात हातोडी द्यायची नाही, पण आईवडिलांना हे काम दोन आठवड्यांत जमतं. गाणं येण्याची गरज नाही. दोन आवाज सारखे आहेत की नाहीत एवढं ऐकू आलं की झालं.

आधी भागांची नावं. कडेची पट्टी ती चाट, मधला काळा गोल ती शाई, दोन्हींच्या मधली जागा ती लव. पुडीच्या (वरच्या कातड्याच्या) कडेला विणलेला चामड्याचा वेढा म्हणजे गजरा. त्यातून खाली गेलेल्या पट्ट्या म्हणजे वादी, आणि वादीखाली अडकवलेले लाकडी ठोकळे म्हणजे गठ्ठे. गठ्ठे आठ असतात, घरं (गजऱ्यातून वादी जाते त्या जागा) सोळा.

आता लावायचं कसं. तबला चुंबळीवर नीट बसवा. मुलाला पेटीची काळी एक दाबून धरायला सांगा आणि मुलीला चाटेवर "ना" वाजवायला लावा. मग तबला थोडा थोडा फिरवत आठही गठ्ठ्यांसमोर "ना" ऐका. एखादं घर खाली असेल, एखादं वर. आधी सगळी घरं एकमेकांशी जुळवायची, पेटीशी नंतर. घर खाली असेल तर गजऱ्यावर वरून खाली हलका ठोका द्या, स्वर चढतो. वर गेलं असेल तर गजऱ्याला खालून वर ठोका, स्वर उतरतो. एका घरावर ठोकलं की त्याच्या समोरचं घरही तपासा, कारण ताण समोरासमोर बदलतो. सगळीकडेच अर्ध्या स्वराहून जास्त फरक असेल तर गजऱ्याशी झटापट करू नका. मग गठ्ठे खाली सरकवा, समोरासमोरच्या जोड्यांनी, प्रत्येकाला सारखेच ठोके. शेवटची बारीक जुळणी पुन्हा गजऱ्यावर.

बिघडतं कुठं? हातोडी गजऱ्यावरून घसरून चाटेवर बसते आणि चाट फाटते. म्हणून ठोका मारताना दुसऱ्या हाताचा तळवा चाटेवर झाकून ठेवा. दुसरी चूक म्हणजे मोबाईलच्या ट्यूनरवर विसंबणं. तुमची पेटी ट्यूनरपेक्षा किंचित वर किंवा खाली असू शकते आणि पेटीचे सूर कार्यक्रमाच्या दिवशी हलवता येत नाहीत. तेव्हा तबला लावायचा तो घरातल्या पेटीशी. पेटी मंचावर दुसरी येणार असेल तर मंचावरच्या पेटीशी.

आपल्याकडचा खास मुद्दा कूलरचा. कोरड्या हवेत कातडं आवळतं, तबला चढतो. ओलसर हवेत ढिलं पडतं, उतरतो. उन्हाळ्यात कूलरच्या झोतात रियाज केला की अर्ध्या तासात तबला खाली येतो. मग कुणीतरी ठोकून वर नेतो, कूलर बंद होतो, दुपारच्या कोरड्या हवेत कातडं आणखी आवळतं आणि पुडी तडकते. एप्रिल-मे महिन्यांत तबला कूलरच्या झोतापासून लांब ठेवा, वापर नसताना वर कापडी चकती आणि खोळ. दुपारी बंद गाडीत तर चुकूनही ठेवू नका.

आणि हात. वाजवण्याआधी साबणाने धुतलेले, कोरडे. भरीत-पुरी खाऊन तेलकट बोटं शाईवर गेली तर शाई खराब होते. पावडर चिमूटभरच लावायची, जास्त झाली की शाईच्या बारीक भेगांत जाऊन बसते.

---

तापीकाठची_पेटी (भुसावळ)

तबल्याचं भाऊंनी सांगितलंच आहे. मी पेटी आणि पट्टी (गाण्याचा सा कुठे धरायचा ते) यांचं सांगते, कारण समूहगीतात गोंधळ तिथेच होतो.

नऊ-दहा वर्षांच्या मुलामुलींच्या समूहाला काळी एक हा षड्ज (सा) बहुतेक वेळा गैरसोयीचा पडतो. मधल्या सप्तकात धरला तर वरचे स्वर किंचाळून निघतात, खालच्या सप्तकात धरला तर आवाजच निघत नाही. काळी चार, पांढरी पाच किंवा काळी पाच यांपैकी एक पट्टी साधारण जमते. गाण्यातला सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा स्वर पाच-सहा मुलांकडून गाऊन घ्या, मगच पट्टी ठरवा.

आता गंमत बघा. षड्ज काळी चार धरला तर काळी एक हा त्याचा मध्यम (म) होतो. म्हणजे तबला हलवायची गरजच नाही! सोलोला लेहरा काळी एकमधून, गाणं काळी चारमधून, तबला दोन्हीकडे काळी एक. मैदानात दोन कार्यक्रमांच्या मधे तबला ठोकत बसायची वेळ येत नाही. काळी पाच ठरली तर मध्यमाला तबला काळी दोनमध्ये लागेल, पांढरी पाचला पांढरी एकमध्ये.

एकच अडचण. गाणं भूपासारख्या रागावर असेल तर त्यात मध्यम नाही, मग मध्यमात लावलेला तबला सतत खटकत राहतो. तेव्हा पंचमात (प) लावायचा. काळी चारचा पंचम म्हणजे काळी दोन. साडेपाच इंची तोंडाच्या तबल्याला तिथवर ताणणं पुडीच्या जिवावर येतं. सव्वापाच किंवा पाच इंचाचा तबला सरांकडून मागून आणा, नाहीतर गाणंच बदला.

मुलाकडून दोन्ही पट्ट्यांतून वाजवून घ्या. काळी एकवरची बोटं आणि काळी चारवरची बोटं वेगळी पडतात. घरी सगळं पांढरी एकमधून बसवलं आणि शेवटच्या आठवड्यात पट्टी बदलली, की पोराचा अंगठा कुठे जावा तेच कळत नाही.

भात्याकडे लक्ष द्या. मुलं प्रत्येक स्वराला भाता मारतात, त्यामुळे सूर धक्क्याधक्क्याने येतो. चार मात्रांना एकदा, सावकाश भरायचा. पोचत नसेल तर पेटीखाली घडी घातलेली सतरंजी घाला किंवा मुलाला पाटावर बसवा. कोपर खांद्याच्या वर जाता कामा नये. कपलर (एका पट्टीबरोबर दुसऱ्या सप्तकातली पट्टीही दाबणारी सोय) असेल तर बंद ठेवा. त्याने पट्ट्या जड होतात, हवा जास्त लागते.

पेटीची तपासणी दर पंधरा दिवसांनी. सगळे स्टॉपर (समोरच्या ओढायच्या खुंट्या) बंद करून भाता भरा, आतला भाता भरला की बाहेरचा हाताला टणक लागला पाहिजे. फुस्सकन बसत असेल तर हवा गळते आहे. मग स्टॉपर उघडून, एकही पट्टी न दाबता भाता मारा. एखादा सूर वाजत राहिला तर ती पट्टी नीट बसलेली नाही. बहुतेक वेळा खाली धूळ किंवा केर असतो. वरचं झाकण काढून मऊ कोरड्या ब्रशने झाडा. सुराला मात्र बोट किंवा पिन लावू नका, पितळेचं पातळ पातं खरवडलं की स्वर बदलतो. कूलरची ओल पेटीलाही लागते: पितळेवर हिरवट थर चढतो, स्प्रिंगा गंजतात.

---

मात्रा_मोजणारा (अमळनेर)

रियाजाबद्दल. नऊ वर्षांच्या मुलीला सलग तास देऊ नका. वीस मिनिटं सकाळी, वीस मिनिटं संध्याकाळी. पहिली पाच मिनिटं तबल्याला हात न लावता बोल (धा, धिं, ना अशी अक्षरं) तोंडाने म्हणायचे, हाताने टाळी-खाली (खाली म्हणजे टाळीऐवजी हात नुसता बाजूला नेणं) देत. जे तोंडातून स्वच्छ येत नाही ते बोटांतून येणार नाही.

तुम्हाला कळत नसलं तरी तपासायला सोपी खूण आहे. तीनताल सोळा मात्रांचा. टाळ्या 1, 5, 13 वर, खाली 9 वर. खालीपासून म्हणजे नवव्या मात्रेपासून डग्गा (डाव्या हाताचा) गुंजायचा बंद होतो आणि तेराव्याला परत सुरू होतो. तिथे गुंजत राहिला तर चूक.

---

गजरा_हातोडी (धुळे)

एक दुरुस्ती, भाऊ. ठेका (तालाचे ठरलेले बोल) असा आहे: धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. नववी मात्रा खालीची असली तरी बोल "धा"च आहे, तिथे डग्गा वाजतो. गप्प बसतो तो 10, 11, 12 आणि 13 वर. चौदाव्याला "धिं" आला की परत गुंजतो. हाताची खाली आणि डग्ग्याची खाली एका मात्रेने पुढेमागे आहेत. आईने नवव्यावर टोकलं तर पोरगी बिचारी बरोबर असून बोलणी खाईल.

---

मात्रा_मोजणारा (अमळनेर)

बरोबर आहे, माझी चूक. ताई, दहा ते तेरा असं लिहून भिंतीवर लावा.

आता पाच मिनिटांचा हिशोब. लय मिनिटाला 80 मात्रा धरली तर सोळा मात्रांचं आवर्तन (तालाची एक फेरी) 12 सेकंदांचं. पाच मिनिटांत 25 आवर्तनं बसतात. त्यात घालायचं ते असं: ठेका 3, कायदा (ठरलेली बोलरचना) बराबरीत (मूळ लयीत) 2, दुगुनीत (दुप्पट लयीत) 2, पाच पलटे (कायद्याचे फेरफार) प्रत्येकी दोनदा म्हणजे 10, तिहाई (तीनदा वाजवून समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, संपणारे बोल) 1. झाली 18. मग ठेका एक, तुकडा (छोटी बांधलेली रचना) एक, असं दोनदा, म्हणजे 22. उरलेल्या तिनात छोटा चक्रदार (तिहाईसकट तीनदा वाजणारा तुकडा), किंवा तो येत नसेल तर ठेका आणि शेवटची तिहाई. बारा पलटे पाठ आहेत म्हणून सगळे वाजवायचे नाहीत. शाळेत वेळ संपली की मागून निवेदक माइक घेऊन येतो, आणि मग तिहाई अर्ध्यात राहते.

या वयाला "धाधा तिट धाधा तूना, ताता तिट धाधा धिना" हाच कायदा ठेवा. लोकांना अवघड कायद्याचं काही नसतं, "तिट" स्वच्छ आला की टाळी पडते.

शेवटची तिहाई सोपी असावी. "तिटकता गदिगन धा" तीनदा: "तिटकता"ला एक मात्रा, "गदिगन"ला एक, "धा"ला एक. ही बरोबर नवव्या मात्रेला उचलायची. मग धा पडतात 11 वर, 14 वर आणि तिसरा समेवर. समेच्या आधीच संपली तर दोनच कारणं असतात: उचल आठव्याला झाली, किंवा मधल्या "धा"ला पूर्ण मात्रा दिली नाही. नव्वद टक्के मुलं दुसरी चूक करतात (टक्का माझ्या मनाचा आहे, पण पालक मंडळींनी आधी तिथेच कान द्यावा).

मेट्रोनोमवर (लयीचे ठोके देणाऱ्या यंत्रावर) 60 ने सुरू करा. सलग तीन आवर्तनं चुकली नाहीत तर 64, मग 68. चुकलं तर एक पायरी खाली. सहा आठवड्यांत 80 ला निवांत पोचता येतं. घरी 90 ला जमलं म्हणून मंचावर 90 ठेवू नका. मंचावर मुलं आपोआप पळतात.

मुलासाठी वेगळा रियाज: मेट्रोनोम लावून, तबला नसताना, एकच लेहरा सलग पाच मिनिटं. बहीण पळाली तरी त्याने पळायचं नाही. लेहरा म्हणजे रेल्वेचे रूळ, गाडीने रुळावरून जायचं असतं.

---

पारोळ्याची_आई

खूप उपयोगी. काळी एक आणि काळी चारचं सरांशी बोलते. लेहरा त्यांनी चंद्रकंस रागातला दिला आहे. मैदानातल्या माइकचं कुणी सांगेल का? आणि परीक्षेचं?

---

मंडपवाला_शहादा

माइकचं ऐका. शाळेच्या साउंडवाल्याला आधी एक वाक्य सांगा: "वादनाला एको बंद." गाण्याच्या पोरांना एको आवडतो म्हणून तो दिवसभर चालूच असतो. एकोत "तिट"चे दोन बोल एकमेकांत मिसळून नुसता भुसभुस आवाज येतो.

दोन माइक मागा. एक तबला आणि डग्गा यांच्या मधोमध, पुडीपासून वीतभर वर, तोंड तबल्याकडे किंचित वळलेलं. डग्ग्याकडे वळवला की घुमतो आणि शिट्टी मारतो. दुसरा पेटीच्या वरच्या जाळीकडे. भात्याच्या बाजूला लावला तर हवेची फुसफुस येते. एकच माइक मिळाला तर तो पेटीजवळ ठेवा, तबला थोडा लांबून. तबला उचलून येतोच, पेटी येत नाही.

मैदानात समोर शाळेची इमारत असते. ती पन्नास मीटरवर असेल तर आवाज जाऊन परत यायला पाव सेकंदापेक्षा जास्त लागतो. 80 च्या लयीत एक मात्रा पाऊण सेकंदाची. म्हणजे मुलीला इमारतीवरून येणारा लेहरा जवळजवळ अर्धी मात्रा उशिरा ऐकू येतो, आणि त्याच्या मागे गेली की ताल सुटला. म्हणून भावाला हातभर अंतरावर बसवा, त्याचा उजवा हात तिला दिसेल असा. मंचावर एक स्पीकर मुलांकडे तोंड करून ठेवायला सांगा. नाहीच दिला तर दोघांना आणखी जवळ बसवा.

बसायला मंचाची कार्पेट निसरडी असते. घरून जाड सतरंजी आणा, नाहीतर डग्गा वाजवता वाजवता पुढे सरकत जातो. टेबलफॅन चालू असेल तर माइकवर वारा येतो, फिरवायला सांगा.

---

गजरा_हातोडी (धुळे)

मैदान आणि जानेवारी, म्हणजे थंडी आणि दंव. संध्याकाळी पाचला लावलेला तबला आठ वाजता खाली आलेला असतो. खोळीत, घोंगडीत गुंडाळून ठेवा. नंबर येण्याआधी वीस मिनिटं मंचामागे काढा, हवेशी जुळू द्या, मग पेटीशी लावा. मंचावरच्या मोठ्या दिव्यांखाली तो थोडा चढेल, म्हणून हातोडी बरोबर असू द्या. घाईत फक्त दोनच घरं तपासायची: जिथे "ना" वाजते ते आणि त्याच्या समोरचं. डग्गाही बघा. त्यात षड्ज जुळवायचा नसतो, पण गजरा सगळीकडे सारखा ताणलेला हवा, नाहीतर घुमारा येत नाही. आणि शाईपासूनची रुंद लव मनगटाखाली येईल असा तो ठेवलाय ना, हे बसताना बघा. गडबडीत मुलं उलटा ठेवतात.

पोरीची बोटं गार पडली असतील तर तळवे एकमेकांवर चोळू द्या, लोकरीचे हातमोजे नंबर येईपर्यंत घालून ठेवा. शेकोटीवर धरून मग एकदम वाजवायला बसवू नका, घाम येऊन बोटं चिकटतात.

वाहतूक म्हणाल तर जोडी सहा-आठ किलोंची होते. एसटीत टपावर किंवा डिकीत नाही, मांडीवर किंवा पायाशी.

---

तापीकाठची_पेटी (भुसावळ)

परीक्षेचं थोडक्यात. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा वर्षातून दोनदा असतात, एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर. क्रम प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण, पुढे विशारद. दीड वर्ष शिकलेल्या मुलीला प्रारंभिक जड जाऊ नये, पण एप्रिल म्हणजे शाळेची वार्षिक परीक्षाही त्याच सुमाराला. आता सोलोसाठी बसवलेला तीनताल, कायदा आणि तिहाई पुढे परीक्षेलाही उपयोगी पडेल, तेव्हा मी तरी नोव्हेंबरचं सत्र घेईन. दहावीचे वाढीव गुण हे कारण असेल तर घाई नाही, पण प्रमाणपत्रं जपून ठेवा. तो प्रस्ताव दहावीच्या वर्षी शाळेमार्फत जातो आणि तेव्हा मूळ कागद लागतात.

आणि एक. जळगावला जानेवारीत बालगंधर्व संगीत महोत्सव होतो. तारखा जुळल्या तर मुलांना एक संध्याकाळ घेऊन जा. मंचावर कलाकार तबला कसा लावतात, पेटीवाला कुठे बसतो, एवढंच बघायला सांगा.

---

पारोळ्याची_आई

शेवटचा प्रश्न. मधेच चुकली, तर? ती थांबते आणि आमच्याकडे बघते.

---

मात्रा_मोजणारा (अमळनेर)

त्याचाही रियाज असतो, ताई. शेवटच्या दोन आठवड्यांत रोज एकदा, ती वाजवत असताना तुम्ही मुद्दाम टाळी वाजवून तिला थांबवा. भावाने लेहरा सोडायचा नाही. तिने हात मांडीवर ठेवून लेहरा ऐकायचा, सम ओळखायची आणि समेवर ठेका धरायचा. कायदा पुन्हा पहिल्यापासून नाही, जिथे सुटला तिथूनही नाही. एक आवर्तन ठेका, मग पुढचा पलटा. लेहऱ्यातली सम कळत नसेल तर भावाने समेच्या स्वरावर मान हलवायची, तेवढी खूण दोघांत ठरवून ठेवा.

तुम्ही दोघं पहिल्या रांगेत बसू नका. तिला दिसलात की ती तुमच्याकडे बघणारच.

---

पारोळ्याची_आई

उद्या गठ्ठ्यांना हात लावून बघते. हातोडी घसरली तर फोटो टाकते.

---

गजरा_हातोडी (धुळे)

तळवा झाकून ठेवा म्हणालो होतो, ताई. फोटोची वेळ येणार नाही.